कातून हलकं केलेलं चाक

"फ्लायव्हील गेलंय," असं म्हणत अप्पांनी गाडीची किल्ली कामाच्या टेबलावर आपटली. "प्लेट नाही, केबल नाही, फ्लायव्हील. आणि मला शिकवू नकोस."

छन्नीनं शिकवायला तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. ती नुकतीच एका मोटारीच्या पोटाखालून बाहेर सरकली होती आणि चिंधीनं कोपरापर्यंतचं ग्रीस पुसत होती. छन्नी म्हणजे अप्पांची धाकटी. खरं नाव आई फक्त रागावली की घ्यायची. बोलली की समोरच्याचा टवका उडायचा, म्हणून बापानंच हे नाव ठेवलं होतं. गॅरेज बापाचं, आता चालवायची ती. अप्पा रोज यायचे, मोडीत गेलेल्या एका गाडीतून काढलेल्या सीटवर बसायचे आणि तिथून सगळ्या जगाच्या चुका काढायचे.

"झालं काय?" तिनं विचारलं.

"चौकात बंद पडली. सिग्नल सुटला, क्लच सोडला, एक गचका आणि खलास. परत चालू केली, परत खलास. मागे एक टोणगा हॉर्नवर बसलेला. शेवटी खाली उतरून आला आणि मला म्हणतो, आजोबा, झेपत नसेल तर घरी बसा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, तुझा सायलेन्सर फुटलाय, आधी तो बघ."

ती हसली. हसता हसता तिची नजर त्यांच्या डाव्या बुटावर गेली. बुटाचं टोक घासून घासून पांढरं पडलं होतं. उजव्या बुटाचं नव्हतं. डावं पाऊल आता उचललं जात नव्हतं, ओढलं जात होतं.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या शेपटाला बसवलेलं लोखंडाचं चाक. इंजिनाचे धक्के ते पोटात घेतं. क्लच सोडताना पाय जरा चुकला तरी आपल्या फिरण्याच्या जोरावर गाडी सांभाळून नेतं. चाक जड असेल तर गाडी माफ करते. अप्पांनी ऐन जवानीत आपल्या गाडीचं चाक लेथवर, कातकामाच्या यंत्रावर, चढवलं होतं आणि त्याची कड कातून कातून निम्म्यानं हलकी केली होती. गाडी चाबकासारखी झाली. पायाच्या मनात यायच्या आत पुढे. पण हलक्या चाकाला शहाणा पाय लागतो. जरा उशीर, जरा घाई, की इंजिनाचा जीव गेला. अप्पांचा पाय इतका शहाणा होता की ही गाडी त्यांनी बायकोला, पोराला, पोरीला, कुणालाच रस्त्यावर चालवू दिली नाही. "मोडाल," एवढंच म्हणायचे.

आता तो पाय शहाणा राहिला नव्हता, आणि हे अप्पांना सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं.

तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरनं अप्पांना बाहेर बाकावर बसवलं आणि मुलाला आत बोलावलं. ज्याचं शरीर तो बाहेर, फाटकी मासिकं चाळत, आणि त्याच्या शरीराचा निकाल आत, दार लावून. डॉक्टर म्हणाला, मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा मरत चालल्यात. सुरुवात डाव्या पायापासून झालीय. मग दुसरा पाय, मग हात, मग जीभ, मग गिळणं, आणि शेवटी श्वास. औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहील. हे सगळं सांगून झाल्यावर आवाज खाली आणून तो म्हणाला, "त्यांना इतक्यात काही बोलू नका. खचतील."

खचतील! जणू काही बोललं नाही तर आजार खचणार होता.

दादा, म्हणजे छन्नीचा थोरला भाऊ, हा सल्ला ताम्रपटासारखा घेऊन घरी आला. विम्याच्या ऑफिसात होता, कुणी खुर्चीतून बोललं की त्याला ते खरं वाटायचं. अप्पांना सांगण्यात आलं की नसेवर नस चढलीय, गोळ्या घ्या, होईल कमी. गोळ्या जीवनसत्त्वाच्या होत्या. अप्पा त्या घड्याळ लावून घेत होते.

त्या दुपारी छन्नी घरी गेली. अप्पा पुढच्या खोलीत घोरत होते. दादाही जेवायला आला होता. स्वयंपाकघरात आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घातलेल्या घड्या पुन्हा मोडून घालत होती.

"त्यांना फ्लायव्हील बदलून हवंय," छन्नी म्हणाली.

"मग बदल," दादा म्हणाला.

"फ्लायव्हीलला धाड भरलेली नाही. पायाला भरलीय."

"हळू बोल."

"का हळू? जागे झाले तर काय ऐकतील? खरं?"

"छन्ने, तुला समजत नाही. बदलून दे. त्यांना वाटू दे गाडी नीट झाली. दोन दिवस समाधानात जातील बिचाऱ्यांचे."

"आणि मग गाडी घेऊन चौकात जातील, आणि पाय वेळेवर निघाला नाही की कुणाच्या तरी पोराच्या अंगावर घालतील. तेव्हा काय सांगायचं त्यांना? नसेवर नस चढली होती?"

दादानं ताट बाजूला सारलं. "तू बाहेर होतीस तेव्हा. आत मी एकटा होतो. मी ऐकलंय ते सगळं, ओळीनं, काय काय जाणार ते. ते मी त्यांच्या तोंडावर म्हणू? तू म्हणशील? म्हण बघू आत्ता इथं, माझ्यासमोर म्हणून दाखव."

छन्नीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बघ," दादा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

आई घडीवरून हात फिरवत म्हणाली, "झोपेत पाय फडफडतो त्यांचा. कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं. मी हात ठेवून धरून ठेवते. सकाळी मला विचारतात, तुझ्या डोळ्याखाली काळं का गं. मी म्हणते, डास होते." मग लेकीकडे बघून ती म्हणाली, "मला खोटं बोलून बोलून वीट आलाय. पण खरं बोलायला मला नका सांगू. माझ्याच्यानं होणार नाही."

म्हणजे सगळ्यांनाच वीट आलेला आणि कुणाच्याच्यानं होत नव्हतं. प्रेम प्रेम म्हणतात ते बरेचदा हेच असतं. आपल्याला रडायची भीती वाटते म्हणून दुसऱ्याला अंधारात ठेवायचं, आणि त्याला माया म्हणायचं. छन्नीला एकच गोष्ट खात होती. आधी पाय, मग हात, मग जीभ. जीभ गेल्यावर त्या माणसाला समजलं, तर तो बोलणार कशानं? काय हवं, काय नको, कुणाला शिवी द्यायचीय, कुणाची माफी मागायचीय, हे सगळं डोक्यात स्वच्छ असणार आणि बाहेर यायला वाट नसणार. सांगायचं तर आत्ता. आणि "आत्ता" किती उरलंय, हे दादाला माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही नव्हतं.

अप्पांची कामाची एक पद्धत होती. नवा भाग हातात आल्याशिवाय जुनी गाडी उघडायची नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक भंगार बाजारात गेले. गाडी छन्नीनंच चालवली, पण गॅरेजचा छोटा टेम्पो. अप्पांच्या गाडीला अप्पांनी हात लावू दिला नाही.

त्या गाडीचे भाग आता कुणी बनवत नव्हतं. भंगारशेठच्या गोदामात मोडलेल्या गाड्यांची आतडी रचून ठेवलेली असायची. एका रांगेत गिअरबॉक्स, एका रांगेत दारं, कोपऱ्यात फ्लायव्हील थाळ्यांसारखी एकावर एक. शेठ अप्पांचा जुना दोस्त. पोट सुटलेला, तोंडात कायम लवंग.

"या उस्ताद! आज स्वतः? मला वाटलं आता पोरीलाच पाठवता."

"पोरगी घासाघीस करते. मला तू तसाच लुबाडतोस, त्यात मजा आहे."

"काय देऊ?"

"माझ्या गाडीचं फ्लायव्हील."

शेठनं ढिगातून एक ओढलं. "हे घ्या. लेथवाल्याकडे पाठवून देतो, तुमच्या आवडीनं कातून घ्या. इथल्या सगळ्या पोरांना हलक्या चाकाचं वेड लावलं कुणी? तुम्हीच ना?"

"कातायचं नाही," अप्पा म्हणाले. "जड हवं. कंपनीतून आलं तसं. असलं तर त्याहून जड."

शेठच्या तोंडातली लवंग थांबली. "तुम्हाला? जड?"

"गाडीचं वय झालं रे. म्हाताऱ्या गाडीला घाई कशाला?"

छन्नी दारांच्या रांगेकडे बघत उभी राहिली. फ्लायव्हील गेलं म्हणणारा माणूस तसंच दुसरं मागतो. जड मागत नाही. जड चाक तो मागतो, ज्याला माफी हवी असते.

अप्पांनी चाकं तारेला टांगून वाजवून बघितली. ती त्यांची जुनी रीत. हातोडीनं हलकं टिचकवायचं. बिडाचं चाक सलग असेल तर देवळातल्या घंटेसारखं बराच वेळ घुमतं, आत चीर असेल तर थप्पकन बसतं, वाजतच नाही. दोन बसली. तिसरं घुमलं. अप्पा डोळे मिटून ते पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय सुख होतं! माणसांना असं टिचकवून बघता येत नाही, हे छन्नीला त्या वेळी बरंच वाटलं.

"हेच," ते म्हणाले आणि तारेवरून काढून घ्यायला त्यांनी हात घातला.

चाक त्यांच्या बोटांतून निसटलं. बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावर फरशीवर आदळलं आणि गोल गोल फिरत आडवं झालं. गोदामात खूप वेळ आवाज राहिला.

"तेल लावून ठेवतोस का रे चाकाला?" अप्पा ओरडले. "गिऱ्हाइकाचा पाय गेला असता!"

चाक कोरडं होतं. गंजून खरखरीत झालं होतं. शेठनं चाकाकडे पाहिलं, अप्पांच्या हाताकडे पाहिलं, मग छन्नीकडे. "चुकलं उस्ताद," तो म्हणाला. "कालच तेल मारलं होतं. पुसायचं राहिलं."

हाही खोटं बोलला. इतक्या पटकन, इतक्या मायेनं. छन्नीनं खाली वाकून चाक उचललं तेव्हा अप्पा उजवा हात पँटीला पुसत होते, नसलेलं तेल पुसत होते. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये जिथं मांसाचा उंचवटा असतो, तिथं खळगा पडला होता. गेल्या आठवड्यात तो नव्हता. किंवा असेल, तिनं बघितला नसेल.

हातापर्यंत आलं होतं.

गाडी तिनं एकटीनं उघडली. अप्पांना तिनं मुद्दाम घरी सोडलं होतं. "बसवायच्या आधी मला दाखव," ते टेम्पोतून उतरताना म्हणाले होते. "काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात. विसरू नकोस."

हा त्या गॅरेजचा कायदा होता. या धंद्यात चांगला भाग खराब सांगून बदलणारे पुष्कळ. अप्पांनी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं, जे काढलं ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. घाण असेल, तेलकट असेल, बाईचा पदर खराब होईल, काही असो. हातात द्यायचं, बोट ठेवून दाखवायचं, इथं झिजलंय, इथं फुटलंय. त्याला समजो न समजो. "त्याची गाडी आहे," ते म्हणायचे, "त्याला बघायचा हक्क आहे."

गिअरबॉक्स उतरवला. क्लच दाबून धरणारी प्रेशर प्लेट काढली. क्लचप्लेट हातात आली, अजून निम्मं अस्तर शिल्लक. मग चाक. तिनं ते उजेडात धरलं.

आरशासारखं होतं. घासणारी पट्टी सगळीकडून एकसारखी करडी, चकचकीत, एक डाग नाही, चीर नाही. कातलेल्या कडेवर लेथच्या बारीक रेषा अजून दिसत होत्या. तिच्या जन्माच्या आधीच्या. तिनं टिचकी मारली. चाक घुमलं.

तिनं दादाला फोन लावला. "चाक चांगलंय. कायद्यानं त्यांच्या हातात द्यायला लागणार. मग काय सांगू?"

पलीकडे ऑफिसातल्या प्रिंटरचा आवाज. "जळलेलं एखादं नाहीये का तुझ्याकडे?"

"हे कातलेलं आहे दादा. असं दुसरं या जगात नाही."

"मग…" तो म्हणाला आणि थांबला. "छन्ने, प्लीज. तू करू शकतेस काहीतरी. मला काय समजतं त्यातलं."

बघा कसं असतं. खोटं ठरवायचं एकानं, हात काळे करायचे दुसऱ्यानं. छन्नीनं फोन ठेवला, शिवी दिली, आणि सगळ्यांच्यावर चढलेला राग त्या चाकावर काढला. गॅस वेल्डिंगची नळी पेटवली, ज्योत निळी करून चाकाच्या चकचकीत तोंडावर धरली. लोखंड आधी पिवळट झालं, मग तांबूस, मग जांभळं, मग निळं. क्लच घसरून जळलेल्या चाकावर पडतात तसा एक डाग, दुसरा डाग, तिसरा. अप्पांनी जवानीत केलेल्या आणि आयुष्यभर मिरवलेल्या एकमेव वस्तूचं तोंड तिनं आपल्या हातानं जाळलं. सांगायची हिंमत नव्हती, जाळायची होती.

संध्याकाळ व्हायच्या आत अप्पा आले. भिंत धरून आले, पण भिंत धरली नाही असं दाखवत. सीटवर बसले. "हं," म्हणून दोन्ही हात पुढे केले.

तिनं चाक त्यांच्या मांडीवर ठेवलं. हातात दिलं नाही, मांडीवर ठेवलं.

अप्पांनी डागांकडे पाहिलं. अंगठा फिरवला. मग चाक कसंबसं उचलून नाकाशी नेलं आणि हुंगलं.

"प्लेट कुठंय?"

"टाकली."

"कुठं टाकलीस?"

ती चिंधीनं हात पुसू लागली.

"जळलेल्या क्लचचा वास येतो," अप्पा म्हणाले. "महिना महिना जात नाही. पोटात ढवळतं. याला तुझ्या गॅसचा वास येतोय." त्यांनी आतल्या बाजूला बोट ठेवलं. "आणि हे बघ. हा डाग इथवर आलाय. इथं प्लेट टेकतच नाही. इथं काय भुतं घासत होती?"

"अप्पा…"

"खोटं बोलायचं तर नीट तरी बोलायचं! एवढी वर्षं काय शिकवलं तुला? असलं काम करून गिऱ्हाइकापुढे ठेवतेस? लाज वाटत नाही?"

ते खरोखर संतापले होते. कामाच्या हलगर्जीपणावर. कानशिलाची शीर फुगली होती. मग ती हळूहळू बसली. त्यांनी चाक मांडीवर आडवं केलं आणि दोन्ही तळवे त्यावर ठेवले.

"चाक चांगलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"पाय आहे."

"हो."

"मला वाटलं वय. म्हणून जड मागितलं. म्हटलं, जड चाकावर निघतील अजून काही वर्षं." त्यांनी मान वर केली. "पण वयासाठी तू चाक जाळलं नसतंस. दादाला माहीत आहे?"

"हो."

"आईला?"

"हो."

"त्या लवंग्याला?"

"त्याला आज सकाळी समजलं. बघून."

"म्हणजे घरात गिऱ्हाईक मी एकटाच," अप्पा म्हणाले. हसल्यासारखा आवाज काढला त्यांनी. मग उजवा हात पुढे केला, खळगा पडलेला, तळवा वर. "काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा असतो. दे."

छन्नी खाली फरशीवर बसली, त्यांच्या पायाशी. आणि तिनं दिलं. डॉक्टरनं दादाला ओळीनं सांगितलं तसं, दादानं तिला सांगितलं तसं. डावा पाय. मग उजवा. मग हात. इथं ती अडखळली, कारण हात तिच्यासमोर होता. मग जीभ. मग गिळणं. मग श्वास. काही गाळलं नाही. औषध नाही हेही सांगितलं. गोळ्या कसल्या होत्या तेही.

"डोकं?" अप्पांनी विचारलं.

"ते शेवटपर्यंत नीट राहतं म्हणाले."

"हरामखोर," अप्पा म्हणाले. डोक्याला, आजाराला की डॉक्टरला, ते समजलं नाही.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. अप्पांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, उलटसुलट करून बघितली आणि चाकावर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. छन्नीला रडू येत होतं ते तिनं दाताखाली धरलं. रडायचा पहिला मान त्यांचा होता.

"किती दिवसांपासून माहीत आहे?"

"तपासण्या झाल्या तेव्हापासून."

"तेवढ्यात मी काय काय करून टाकलं असतं," ते म्हणाले. एवढंच. आरोप नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं.

मग त्यांनी फोन मागितला आणि दादाला लावून द्यायला सांगितलं. आकडे दाबायला बोटं ऐकत नव्हती, हे त्यांनी आज लपवलं नाही.

"हां, मीच. उद्या सकाळी घरी ये. रजा टाक. मला बोलायचंय, तोंड चालतंय तोवर. आणि रडायचं असेल तर घरून रडून ये." थोडं ऐकून घेतलं. "नाही, तिला काही बोलू नकोस. तिनं तुझं काम केलंय." फोन ठेवला. मग छन्नीकडे बघून म्हणाले, "रडतोय आत्ताच. माझ्यावर गेलाय तो. तू तुझ्या आजीवर गेलीस, दगड."

"दगड असते तर चाक जाळलं असतं का?"

"तेही खरं."

कोपऱ्यात भंगारातून आणलेलं जड चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं. छन्नीनं त्याच्याकडे हात केला. "हे बसवू?"

अप्पा बराच वेळ दोन्ही चाकांकडे आळीपाळीनं बघत राहिले. जड चाक म्हणजे अजून थोडे महिने त्यांच्या हातात गाडी. गॅरेजच्या गल्लीत, मोकळ्या रस्त्यावर, सकाळी लवकर. निघाले असते. तिनं आडकाठी केली नसती, हे दोघांनाही माहीत होतं.

"जाळलंस ते किती खोल गेलंय?" त्यांनी विचारलं.

"वरवरच आहे. लेथवर एक हात फिरवला की पापुद्रा निघेल."

"मग तेच घे. पापुद्रा काढ आणि तेच बसव."

"अप्पा, हलकं आहे ते. तुमच्या पायाला…"

"माझ्या पायाचं कोण बोलतंय? चालवणार तू. तुझा पाय चांगलाय. आंधळ्यासारखा आपटतेस, पण चांगलाय. शिकशील." त्यांनी मांडीवरचं चाक थोपटलं. "जड चाकावर शिकलीस तर आळशी होशील. ते शेठला परत दे. आणि त्याला सांग, लवंग खाऊन खोटं बोलू नकोस, वास येतो."

लेथवाल्यानं दुसऱ्या दिवशी निळे डाग उतरवून दिले. एक डाग मात्र पुरता गेला नाही. आतल्या बाजूला, जिथं प्लेट टेकत नाही तिथं, फिकट जांभळी सावली राहिली. "अजून कापू?" त्यानं विचारलं. अप्पा नको म्हणाले. राहू दे म्हणाले.

सकाळी दादा येऊन गेला होता. घरात काय बोलणं झालं ते छन्नीनं विचारलं नाही. आई मात्र तिला दारात म्हणाली, "सकाळी डोळ्याखालचं काळं विचारलं. मी सांगितलं, तुमचा पाय धरून बसले होते. तर म्हणाले, आज मला उठव, दोघं जागू."

चाक बसलं. प्लेट बसली. गिअरबॉक्स चढवला. शेवटी क्लचची केबल बेतायची राहिली. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबायचं, एकानं खाली झोपून बघायचं, की गिअरबॉक्सवरचा दांडा पुरता मागे येतो का. पुरता आला तरच क्लच मोकळा होतो. इतकी वर्षं खाली अप्पा असायचे आणि वर गिऱ्हाईक. आता अप्पा ड्रायव्हरच्या सीटवर चढले. चढले म्हणजे डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आत ठेवला, पाना ठेवावा तसा.

छन्नी गाडीखाली सरकली. डोक्यावर तेलकट पोट, अंगाखाली थंड फरशी. दांड्यावर दिव्याचा उजेड पाडला.

"दाबा."

दांडा हलला. हळूहळू मागे सरकू लागला. अर्ध्यावर येऊन थांबला आणि तिथंच थरथरत राहिला. कापत होता. गाडीचं लोखंड नव्हे, वर एका माणसाची मांडी कापत होती, आणि ती केबलमधून इथवर येत होती.

"झालं का मोकळं?" वरून आवाज आला.

तिच्या तोंडात "झालं" आलंच होतं. केबल जरा जास्त ताणली की अर्ध्या पेडलवरही भागलं असतं. कुणाला समजलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "अर्ध्यातच थांबलाय. अजून लागेल."

वर सीटचं करकरणं, श्वास घेतल्याचा आवाज, आणि पेडलवर बूट घासल्याचा. अप्पांनी दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले असणार आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला असणार. दांडा झटका देऊन सुटला, मागे मागे आला आणि शेवटाला जाऊन टेकला. आता थरथरत नव्हता.

"आता?"

"आता झालं."

"खरं?"

"खरं, अप्पा. पुरतं."

"मग आवळ."

तिनं पाना लावला आणि नट आवळला. एकदा, मग खात्रीला आणखी एकदा. काम संपलं होतं. आता "सोडा" म्हणायचं होतं. दांडा शेवटाला टेकून स्थिर होता, त्याच्यामागे ताणलेली केबल, केबलच्या टोकाला पेडल, पेडलवर तो बूट, घासून पांढऱ्या पडलेल्या टोकाचा, बहुधा शेवटचाच एवढा खाली गेलेला.

वर अप्पा वाट बघत होते. खाली ती दिवा धरून पडून राहिली, आणि जरा वेळ तिनं तो शब्द म्हटला नाही.